गोदामाचा खटला

भांडण जेवणाआधी पेटलं हे एका परीनं बरंच झालं. जेवल्यावर पेटलं असतं तर माझ्या धाकट्या पोराच्या पोटात अन्न टिकलं नसतं, आणि आजच्यानंतर त्याच्या पोटाची काळजी माझ्या हातात राहणार नव्हती. संध्याकाळच्या आत त्यानं तुरुंगाच्या फाटकावर हजर व्हायचं होतं. अपील फेटाळलं गेलं होतं. खटला थोरल्यानंच लढवला होता, तो वकील आहे आणि कायद्याच्या कॉलेजात शिकवतो. त्याच्या देखरेखीखालच्या लिफ्टचा दोर तुटला, माणूस मेला. तपासणीच्या कागदावर सही धाकट्याची, आणि "दोर न बघताच सही केली" असं चौकशी अधिकाऱ्यासमोर जाऊन सांगणारं तोंडही धाकट्याचंच. त्या सहीखेरीज आणि त्या तोंडाखेरीज कोर्टाकडे धड पुरावा नव्हता. सही सगळेच करतात, सही निभावता आली असती. तोंड निभावलं नाही.

मी बटाटे तळत होते. त्याला आवडतात म्हणून. धाकटी सून शेजारी उभी राहून ते जास्त तळले जातायत का हे बघत होती, आणि मी तिला बघू देत होते. एरवी दिलं नसतं. बायकांचे केस कापायचं दुकान चालवणारी ही पोर या घरात आली तेव्हा मी म्हटलं होतं, वकिलांच्या घरात एक कात्री होतीच, आता दुसरी आली. ते तिनं अजून विसरलेलं नाही. विसरू नयेच.

पहिली कात्री ह्यांची. गावातला अर्धा वकीलवर्ग आणि निम्मे न्यायाधीश ह्यांना 'सर' म्हणतात, कारण ह्यांचं निवाड्यांचं पुस्तक वाचल्याशिवाय इथे कुणी कायद्याची परीक्षा पास झालेला नाही. पुस्तक म्हणजे काय, तर जुन्या मोठ्या खटल्यांचे निकाल, पोरांना शिकवण्यासाठी छाटलेले. निकाल असतो हाताच्या वितीएवढा जाड. तेवढं कोण वाचणार? मग हे कात्री घेऊन बसायचे, कामाचा तेवढा मजकूर कापायचे आणि मी पिठाची खळ करून तो कोऱ्या कागदावर डकवायचे. मधला मजकूर गाळला की तिथे तीन टिंबं काढायची. टिंबं काढायचं कामही माझंच होतं. ते मला जमायचं, चौथीपर्यंतच्या शाळेत तेवढं शिकवतात. काय कापायचं आणि काय ठेवायचं हे मात्र त्यांचं राज्य. तिथे मी पाय टाकला नाही, आणि टाकला असता तर त्यांनी टाकू दिला नसता.

या घरात पोरांना राजाराणीच्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, खटले सांगितले. एकानं दुसऱ्याच्या ताटातलं उचललं की "कुंपणाचा खटला!" म्हणून आरडाओरडा. कुणी उगाच तक्रार केली की "नासक्या दुधाचा खटला, आधी चाखून बघ." आणि धाकट्याचा लाडका गोदामाचा खटला. गोदाम जळतं, पहारेकऱ्याला चौकशीला बोलावतात, तो बिचारा सांगून टाकतो की विस्तव माझ्याच हातून पडला. आणि तरी सुटतो! कारण काय, तर चौकशीत बोलावून वदवून घेतलेलं बोलणं माणसाच्याच गळ्याचा फास करता येत नाही. धाकटा लहानपणी फुलदाणी फोडून यायचा आणि कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "आई, मी कबूल करतो, पण गोदामाचा खटला." मी हसायचे. हे तर टाळी द्यायचे त्याला.

तर त्या दुपारी बाहेरच्या खोलीत ह्यांच्यासमोर नात बसून नव्या आवृत्तीची प्रुफं वाचून दाखवत होती. ह्यांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली, डोकं मात्र वस्तऱ्यासारखं. मुलगा तुरुंगात जायच्या दिवशी प्रुफं कशाला, असं मी सकाळी विचारलं होतं. "मग काय करू? रडत बसू?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, बसा की, कुणी अडवलंय? त्यावर त्यांनी नातीला हाक मारली.

नात थोरल्याची. नुकतीच वकील झालेली. तिच्या आवाजाला अजून काळ्या कोटाची सवय नाही, शाळेत कविता म्हणावी तशी ती निकाल वाचते. कढईच्या चुरचुरीतूनही मला ऐकू येत होतं. मग एकदम ह्यांचा आवाज आला.

"थांब. ही ओळ माझी नाही."

"कुठली, आजोबा?"

"आत्ता वाचलीस ती. पुन्हा वाच."

"'मात्र जी व्यक्ती बोलावणे नसताना, आपण होऊन अधिकाऱ्यासमोर येऊन कथन करते, तिला हे संरक्षण मिळणार नाही.'"

"हा परिच्छेद मी घेतलेला नाही. गोदामाच्या खटल्यात त्या जागी टिंबं आहेत. पहिल्या आवृत्तीपासून टिंबं आहेत. कुणी घातला?"

नात उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तोंड असं, की मला वाटलं हिला उलटी होतेय.

"आजी," ती म्हणाली, "काका त्या चौकशी अधिकाऱ्याकडे बोलावणं आल्यावर गेला होता, की आपण होऊन?"

"आपण होऊन," मी म्हटलं. "बोलावणं कुठलं? तुझ्या बापानंच पाठवला. बोलावतील त्याआधी जा, सगळं सांगून टाक, बरं दिसतं, आणि सांगितलेलं तुझ्याविरुद्ध वापरता येत नाही, म्हणाला. का गं?"

तिनं उत्तर द्यायच्या आधीच मला कळलं. मी काही कायदा शिकलेली नाही. पण 'आपण होऊन' म्हणजे काय ते कळायला कायदा लागत नाही.

"आज नको," मी हळू आवाजात म्हटलं. "त्याला जाऊ दे. उद्या बघू."

हे मी थोरल्यासाठी म्हटलं. उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. एक मुलगा हातचा गेलाच होता, दुसऱ्याची अब्रू तरी घरात राहावी एवढाच माझा हिशेब. पण माझ्या शेजारी धाकटी उभी होती, आणि केस कापणाऱ्या बाईचे कान तुम्हाला माहीत नाहीत. गिऱ्हाईक आरशात बघून बोलतं, ही पाठीमागून ऐकते.

"उद्या काय बघायचंय, आई?" तिनं विचारलं.

आतल्या खोलीत तेव्हा दोघे भाऊ पिशवी भरत होते. तिथलं मला थोरल्या सुनेनं मागाहून सांगितलं. तिला खोटं रचायची अक्कल नाही, म्हणून ते खरंच असणार. थोरला एकेक वस्तू हातात घेऊन सांगत होता, हे चालेल, हे काढून घेतील, पट्टा नको, नाडीचा पायजमा नको. वर्गात शिकवावं तसं. धाकटा पलंगावर बसून मोज्यांच्या गुंडाळ्या करत होता.

"दादा, आत किती मजले असतात रे?"

"का?"

"लिफ्ट असेल तर म्हणतो. मी जिन्यानं जाईन."

थोरला हसला नाही. थोरली म्हणते, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. असेलही. मी त्याची आई आहे, मला ठाऊक आहे तो तिथे उभा राहून कशाची वाट बघत होता. संध्याकाळची. एकदा धाकटा फाटकाच्या आत गेला की बोलायचं काही उरत नाही, आणि न बोललेलं हळूहळू मुरतं. तो लहानपणापासून असाच. परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी डोकं दुखतं म्हणून झोपून राहायचा. पास होणारच असायचा, तरीही.

धाकटी आत गेली ती हात न पुसताच. "भाऊजी, 'आपण होऊन' म्हणजे काय?"

सगळे बाहेरच्या खोलीत आले ते कुणी बोलावलं म्हणून नव्हे. भांडणाला मोठी खोली लागते. हे आपल्या खुर्चीत. नात प्रुफांचा गठ्ठा छातीशी धरून. थोरली दाराशी, पदर खोचून, नवऱ्याच्या बाजूनं लढायला तयार. कशाबद्दल लढायचंय ते तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

नातीनं सांगितलं. चांगलं सांगितलं, एक शब्द जास्त नाही. गोदामाच्या खटल्यातला पहारेकरी सुटला, कारण त्याला बोलावलं होतं. त्याच निकालात पुढे लिहिलंय की आपण होऊन येणाऱ्याला ही सवलत नाही. आपल्या पुस्तकात तो भाग गाळलाय. काका आपण होऊन गेला. आणि पहिल्या कोर्टाच्या निकालात न्यायाधीशांनी हेच लिहिलंय. तिनं तो निकाल काल रात्रभर बसून वाचला होता, तेव्हा तिला वाटलं होतं न्यायाधीशांचंच काही चुकतंय, कारण पुस्तकात तर असं काही नाही.

"त्यांनी लिहिलंय," नात म्हणाली आणि बापाकडे न बघता म्हणाली, "'आरोपीच्या वकिलांनी सादर केलेला उतारा अपूर्ण आहे.'"

"न्यायाधीश कोण?" ह्यांनी विचारलं.

"आजोबा, तुमचेच विद्यार्थी."

"हं," हे म्हणाले. खूश होऊन म्हणाले! मी ऐकलं.

धाकटा भावाकडे बघत होता. एवढी वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, यंत्र कुठे अडलंय हे आवाजावरून ओळखायची सवय. तसा कान देऊन बघत होता.

"दादा, हा परिच्छेद प्रुफात तू घातलास?"

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"निकाल लागल्यावर कळलं. त्याच दिवशी. मी ग्रंथालयात जाऊन मूळ निकाल काढला."

"त्याच दिवशी." धाकटा हसला. "आणि त्या दिवसापासून मला काय सांगतोयस? न्यायाधीश गाढव आहे, त्याला कायदा कळत नाही, अपिलात बघ कसा उताणा पडतो. मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या रे. चांगल्या चांगल्या. सगळ्या वाया गेल्या."

"मला वाटलं, दुसऱ्या मुद्द्यावर..."

"दुसरा मुद्दा होता?"



"भावजी, पुरे," थोरली मध्ये पडली. "ह्यांनी काय मुद्दाम केलं? रात्री-अपरात्री तुमच्याच कागदात डोकं घालून बसायचे. सख्ख्या भावाचं वाईट कुणी चिंततं का?"

"वाईट चिंतलं असतं तर बरं झालं असतं, वहिनी," धाकटी म्हणाली. "वाईट चिंतणारा माणूस नीट वाचून येतो."

एरवी मी हे वाक्य तिच्या तोंडून खपवून घेतलं नसतं. त्या दिवशी मला ते माझ्याच तोंडून गेल्यासारखं वाटलं. मी उठून तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. थोरलीनं ते पाहिलं. या घरात कोण कुणाच्या बाजूला उभं आहे हे मोजायला आम्हाला नजर पुरते.

"पण मी तो परिच्छेद चुकून गाळलेला नाही," हे खुर्चीतून म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"मुद्दाम गाळला. सगळं वाढून दिलं तर पोरगं चावायला शिकत नाही. टिंबं दिसली की त्यानं उठावं, ग्रंथालयात जावं, काय गाळलंय ते बघावं. म्हणून खाली प्रश्न होता. 'गाळलेला भाग शोधून वाचा. पहारेकरी आपण होऊन आला असता तर?' असा स्वच्छ प्रश्न होता. पहिल्या चार आवृत्त्यांत होता. पाचवी कुणी केली?"

पाचवीपासून पुस्तक थोरल्याकडे आलं होतं. ते त्या खोलीतल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं.

"प्रकाशकाला पानं कमी हवी होती," थोरला म्हणाला. "पोरांना प्रश्न नको असायचे, बाबा. उत्तरं हवी असायची."

"आणि तुला?"

"मी तुमच्याच वर्गात होतो. पहिल्या बाकावर. तुम्ही एकेकाला उठवायचात, टिंबांमागे काय आहे म्हणून विचारायचात, ज्याला येत नसे त्याची सालं काढायचात. मला एकदाही उठवलं नाहीत. एकदाही नाही. मी घाबरून बसलेला असायचो आणि तास संपायचा."

"घरच्या पोराला विचारलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, उत्तर घरूनच पाजून आणलंय."

"आणि मला न येऊन तुमचंच हसं झालं असतं."

"तेही."

"म्हणून मी शोधलंच नाही. कुणी विचारणारच नव्हतं तर कशाला शोधू? पास झालो. पहिला आलो. मग तेच पुस्तक शिकवत राहिलो. मला तो खटला पाठ होता, बाबा. टिंबांसकट पाठ होता." एवढा मोठा माणूस, ज्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं वर्ग चिडीचूप होतो म्हणतात, तो माझ्यासमोर नाक पुसत उभा होता, आणि मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक सणसणीत ठेवून द्यावीशीही वाटत होती. यातलं मी काहीच केलं नाही.

"म्हणजे माझा उतारा बरोबर होता," हे म्हणाले.

"बरोबर होता!" मी म्हटलं. "पोरगा आत चाललाय आणि ह्यांचा उतारा बरोबर होता! आरती ओवाळू का उताऱ्याला?"

"मी फक्त वस्तुस्थिती सांगतोय."

"ती वस्तुस्थिती ठेवा उशाखाली आणि झोपा."

धाकटा आता उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं, आणि ते मला बघवेना, कारण ती आशा होती. इतके दिवस तो शहाण्यासारखा वागत होता. मोजे गुंडाळत होता, विनोद करत होता. आशा आल्याबरोबर तो लहान झाला.

"दादा, मग हे कोर्टाला सांगता येईल ना? तू चुकलास म्हणून? माझी चूक नाही, मला सल्लाच तसा मिळाला, म्हणून? लिहून दे ना रे. तू लिहून दिलंस तर ते बघतील ना पुन्हा?"

"लिहून द्या, भाऊजी," धाकटी म्हणाली. "एक वाक्य. 'पूर्ण निकाल न वाचता मी सल्ला दिला.' बस, एवढंच."

"आणि ह्यांची सनद?" थोरली म्हणाली. "प्राचार्यपदाचं चाललंय. उद्या हे वाक्य कॉलेजात भिंतीवर लागेल. ज्या पुस्तकातून शिकवतात तेच धड वाचलेलं नाही म्हणून पोरं तोंडावर हसतील." मग ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही तरी सांगा. दोघांचंही वाटोळं करून काय मिळणार आहे?"

सकाळी विचारलं असतं तर मी तिचीच री ओढली असती. अब्रू म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. त्या मेलेल्या माणसाची बायको कोर्टात शेवटच्या बाकावर बसायची, डब्यातलं जेवण तिथेच उघडायची आणि न जेवता बंद करायची. तिच्यासमोर आमचं रडगाणं गायची माझी टाप नाही, आणि धाकट्यानं दोर बघायला हवा होता हे मला मान्य आहे. तरी पोटचा पोर 'लिहून दे ना' म्हणतोय आणि दुसरा पोटचा पोर पेनाकडे बघतोय, यात अब्रू कुठे बसवायची ते मला समजेना.

"कागद आण," मी नातीला म्हटलं.

थोरला टेबलाशी बसला. लिहिलं त्यानं. नातीनं वाचून दाखवलं: "'आरोपीस अपूर्ण उताऱ्याच्या आधारे चुकीचा सल्ला दिला गेला.'"

"दिला गेला?" मी म्हटलं. "आपल्या पायानं चालत गेला का तो सल्ला? कुणी दिला ते लिही."

त्यानं खोडलं. पुन्हा लिहिलं. "'आरोपीच्या वकिलाने सल्ला दिला.'"

"वकिलाला आई आहे. ती इथे उभी आहे. 'मी' लिही."

बराच वेळ लागला. मी सांगते, इतकी वर्षं ज्यानं वादी आणि प्रतिवादी आणि आरोपी आणि अशील एवढंच लिहिलं, त्याच्या हाताला त्या एका अक्षराचं वळण आठवेना. शेवटी लिहिलं. "मी तो निकाल पूर्ण वाचला नव्हता. मी भावाला पाठवले." आणि खाली सही. थोरलीनं तोंडावर पदर घेतला आणि ती आत निघून गेली. धाकटी त्या कागदावर फुंकर घालत होती, शाई ओली असल्यासारखी. पेन बॉलपेन होतं.

नात मात्र रडायला लागली. तिच्याकडे बघून मला आधी वाटलं, बापासाठी रडतेय.

"आजी, याचा उपयोग नाही," ती म्हणाली. "मी मघापासून सांगायला बघतेय. वकील चुकला तर भोगायचं अशिलानंच. वकील म्हणजे अशिलाचंच तोंड. आजोबांच्या पुस्तकातच आहे. झोपाळू वकिलाचा खटला."

मला तो खटला ठाऊक होता. आमच्या घरात तो हसण्यावारी न्यायचा खटला. वकील कोर्टातच घोरायला लागतो आणि अशिलाचं घर जातं. धाकट्याला कुणी निरोप सांगायला सांगितला आणि तो विसरला, की थोरला म्हणायचा, "झोपाळू वकील, घर गेलं."

"पण त्यातही गाळलेलं असेल!" धाकटी म्हणाली. तिनं नातीच्या हातातला गठ्ठा ओढला, पानं खाली पडली, ती गुडघ्यांवर बसून उलटीसुलटी करायला लागली. "त्यातही टिंबं असतील. बघ ना गं. एक तरी असेल. असं कसं, प्रत्येक वेळी आमच्याच नशिबी..."

"नाहीत," हे खुर्चीतून म्हणाले. आवाज अगदी सौम्य होता. "तो मी अख्खा घेतलाय. छोटासाच होता."

धाकटी जमिनीवर बसूनच राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिचे केस फार मऊ होते. स्वतःच्या डोक्याची निगा राखते, म्हटलं. असले विचार कुठे येतात माणसाच्या मनात, आणि कधी.

धाकट्याच्या चेहऱ्यावर आलेलं ते तसंच थोडा वेळ रेंगाळलं, पाहुणा दारातूनच परत निघतो तसं, मग गेलं. तो स्वयंपाकघरात गेला आणि उभ्यानंच बटाटे खाल्ले. गार झाले होते. सगळे खाल्ले. मी ताट घे म्हटलं, नको म्हणाला. मीठ कमी पडलंय का विचारलं, तर म्हणाला, "बरोबर आहे, आई." मला माहीत आहे मीठ कमी होतं, कारण मी घातलंच नव्हतं.

थोरल्यानं पिशवी दाराशी आणून ठेवली. "मी गाडी काढतो."

"तू येऊ नकोस," धाकटा म्हणाला. मग जरा वेळानं, "नाही, चल. दुसरं कोण आहे? आणि फाटकावर वकील असलेला बरा म्हणतात."

थोरल्यानं हे ऐकून मान खाली घातली ती जिना उतरेपर्यंत वर केली नाही. लिहिलेला कागद टेबलावरच राहिला. त्याला कुणी हात लावला नाही, फाडलाही नाही.

धाकटा बुटांच्या नाड्या बांधत होता. आत नाड्या काढून घेतील हे माहीत असूनही घट्ट, दोन गाठी मारून बांधत होता. धाकटी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. थोरली आतून डोळे पुसत आली आणि उगाचच म्हणाली, "पाणी घेतलंत ना?" मी दाराला टेकून उभी. बोलायचं ते सगळं तोंडाशी येत होतं आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

आणि मागून आवाज आला.

"लिही," हे नातीला म्हणाले. "नव्या आवृत्तीत प्रश्न परत घालायचे. गोदामाच्या खटल्याखाली. नवा परिच्छेद काढ, टिंबं ठेव. घेतलंस? आता प्रश्न. 'अ हा लिफ्ट दुरुस्तीचा व्यवसाय करतो. ब हा त्याचा सख्खा भाऊ, वकील. एके दिवशी अ च्या देखरेखीखालील लिफ्टचा दोर तुटून क चा मृत्यू होतो.'"

नात लिहीत होती. लहानपणापासून तो आवाज आला की तिचा हात चालतो. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालत होता.

"'ब च्या सल्ल्यावरून अ बोलावणे नसताना अधिकाऱ्याकडे जातो...' जातो की गेला? जातो बरं. वर्तमानकाळच ठेव."

हे त्यांचं रडणं असेल, असं थोरली मला मागाहून म्हणाली. एकेकाची तऱ्हा असते, म्हणाली. मला तसं वाटलं नाही. वाटून घ्यायची माझी इच्छाही नाही.

धाकटा उठला. पिशवी खांद्यावर घेतली. माझ्याकडे बघितलं, मग खोलीत, खुर्चीकडे.

"बाबा," तो म्हणाला, "अ चं पुढे काय होतं?"

ह्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. खाली थोरल्यानं गाडी सुरू केलेली ऐकू आली.

"ते आपण लिहायचं नसतं," हे म्हणाले. "ते विद्यार्थ्यांनी सांगायचं."